पत्ता जुळला म्हणजे नेमकं काय जुळलं? चॅटच्या संग्रहातला एक छोटा नियम



संशोधनाची तयारी करताना आपण मोठमोठे प्रश्न शोधत असतो. पण पुष्कळदा खरं काम एखाद्या ओळीत लपलेलं असतं. "आरतीशी झालेले सगळे संदेश काढा" ही तशीच एक ओळ. वाचायला सोपी आहे. मात्र संगणकाला सांगायची म्हटलं की "आरतीशी" म्हणजे काय आणि "सगळे" म्हणजे कोणते, हे दोन्ही ठरवावं लागतं. ते नीट ठरवलं नाही तर एकतर संदेश हरवतात, नाहीतर भलत्याच माणसाचे संदेश आपल्यासमोर येतात. तिसरी शक्यता त्याहून वाईट आहे: ज्याला जे कळायला नको, ते त्याला कळतं.

आज आपण हे एक्सएमपीपी या चॅट प्रोटोकॉलच्या उदाहरणातून समजून घेऊ. एक्सएमपीपी म्हणजे पूर्वीचं जॅबर. जेरेमी मिलर यांनी १९९८ मध्ये ते काम सुरू केलं आणि २००४ मध्ये त्याला आरएफसी ३९२० या नावाने इंटरनेट मानकाचं रूप मिळालं. गूगल टॉक यावरच उभं होतं. आपल्या दृष्टीने याचा फायदा असा की याचे सगळे नियम उघड आहेत, त्यामुळे नियम कसा बनतो हे शिकायला हा उत्तम नमुना आहे. कॉम्प्युटर सायन्सची पार्श्वभूमी नसेल तरी काळजी करू नका, लागेल तेवढं इथेच सांगते.

आधी पत्ता समजून घेऊ

एक्सएमपीपीमधला पूर्ण पत्ता असा दिसतो:

आरती@नमुना.उदाहरण/फोन

याचे तीन भाग आहेत. '@'च्या आधी खात्याचं नाव, मग सर्व्हरचं डोमेन, आणि '/'नंतर रिसोर्स. आरती एकाच खात्यावर फोन आणि लॅपटॉप अशा दोन ठिकाणी लॉगिन असेल, तर त्यातलं कोणतं यंत्र हे रिसोर्स सांगतो. रिसोर्स काढून टाकला की उरतो तो मूळ पत्ता: आरती@नमुना.उदाहरण. या लेखात मी "पूर्ण पत्ता" आणि "मूळ पत्ता" हेच दोन शब्द वापरणार आहे.

प्रत्येक भाग जास्तीत जास्त १०२३ बाइट्सचा असू शकतो. खात्याच्या नावात '@' आणि '/' चालत नाहीत, पण रिसोर्समध्ये ही दोन्ही चिन्हं चालतात. म्हणून पत्ता तोडताना आधी पहिला '/' शोधायचा, त्याच्या पुढचं सगळं रिसोर्स म्हणून बाजूला ठेवायचं आणि मगच '@' शोधायचा. उलट क्रमाने गेलात तर "आरती@नमुना.उदाहरण/घर@पुणे" या पत्त्याशी तुमचा गोंधळ होईल.

संग्रहाला प्रश्न कसा विचारतात

सर्व्हरवर साठवलेले जुने संदेश मागवण्यासाठी एक्सईपी-०३१३ नावाचा विस्तार आहे. त्यात 'विथ' नावाचा एक रकाना असतो. त्यात पत्ता भरला की त्या पत्त्याशी जुळणारेच संदेश सर्व्हर परत देतो. नियमाचा गाभा थोडक्यात असा:

१. संदेशाच्या 'कडून' किंवा 'ला' या दोहोंपैकी एक पत्ता जुळला तरी संदेश जुळला.
२. 'विथ'मध्ये मूळ पत्ता दिला असेल, तर संदेशातल्या पत्त्याचा रिसोर्स बाजूला ठेवून तुलना करायची.
३. 'विथ'मध्ये पूर्ण पत्ता दिला असेल, तर रिसोर्ससकट तंतोतंत तोच पत्ता हवा.

आता एक गोष्ट ताडून बघा. ही "जुळणी" गणितातल्या "बरोबर" या चिन्हासारखी आहे का? नाही. 'आरती@नमुना.उदाहरण' असं विचारलं तर '/फोन'वाला संदेश जुळतो. पण '/फोन' असं विचारलं, तर नुसत्या मूळ पत्त्यावर गेलेला संदेश जुळत नाही. म्हणजे अ हा ब शी जुळला म्हणून ब हा अ शी जुळेलच असं नाही. डावीकडे प्रश्न आहे आणि उजवीकडे नोंद आहे, त्यांच्या भूमिका वेगळ्या आहेत. तुम्ही एक फंक्शन लिहून त्याला दोन पत्ते कोणत्याही क्रमाने देणार असाल, तर इथेच थांबा आणि क्रम ठरवा.

याचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो? आरएफसी ६१२१ सांगतो की संभाषणातला पहिला संदेश मूळ पत्त्यावर पाठवावा, कारण समोरची व्यक्ती कोणत्या यंत्रावर आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. तिचं उत्तर '/फोन'वरून आलं की पुढचे संदेश '/फोन'ला जायला लागतात. आता कोणी नंतर '/फोन' या पूर्ण पत्त्याने संग्रह तपासला तर संभाषणाची सुरुवातच गायब! उत्तर दिसतं, पण प्रश्न दिसत नाही. त्यात पुष्कळदा रिसोर्स हे यंत्राचं कायमचं नावही नसतं. सर्व्हर किंवा क्लायंट तो आपणहून तयार करतो आणि पुढच्या लॉगिनला तो बदलू शकतो. म्हणून दोन माणसांमधल्या संभाषणासाठी मूळ पत्त्याने विचारणं हेच बहुतेक वेळा शहाणपणाचं.

स्वतःलाच पाठवलेला संदेश

वरचा पहिला नियम परत वाचा: दोहोंपैकी एक पत्ता जुळला तरी पुरे. आता आरतीने स्वतःसाठी टिपण म्हणून स्वतःच्याच खात्यावर काही संदेश पाठवलेत. ते शोधायला ती 'विथ'मध्ये स्वतःचा पत्ता घालते. काय होईल?

तिच्या संग्रहातल्या प्रत्येक संदेशात एका बाजूला ती स्वतः आहेच. म्हणजे अख्खा संग्रह जुळतो! नियम तर्काने बरोबर आहे, पण उत्तर निरुपयोगी आहे.

म्हणून एक्सईपी-०३१३ मध्ये यासाठी खास सोय आहे. 'विथ'मध्ये खात्याचा स्वतःचाच पत्ता असेल, तर 'कडून' आणि 'ला' हे दोन्ही त्या मूळ पत्त्याशी जुळले तरच संदेश द्यायचा. एका ठिकाणी "किंवा"चं "आणि" झालं. अपवाद दिसायला कुरूप वाटतो, पण तो का आला हे लक्षात घ्या. "आरतीशी झालेले संदेश" या वाक्यात खरा अर्थ "समोरची व्यक्ती आरती आहे असे संदेश" हा आहे. समोरची व्यक्ती मीच असेन, तर दोन्ही टोकांना मीच हवी. म्हणजे अपवाद नियमाविरुद्ध नाही, तो मूळ हेतूकडे परत नेतो.

याच्याशीच जोडलेली आणखी एक बारीक गोष्ट. क्लायंटने 'ला' हा पत्ता न लिहिताच संदेश पाठवला, तर आरएफसी ६१२० नुसार तो पाठवणाऱ्याच्याच मूळ पत्त्यासाठी आहे असं धरतात. म्हणून रिकामा रकाना आधी भरायचा आणि मग जुळवायचा. नाहीतर असे संदेश कोणत्याच शोधात सापडणार नाहीत.

गटात रिसोर्सचा अर्थच बदलतो

एक्सएमपीपीमधल्या गटाला खोली म्हणतात. खोलीचा पत्ता 'वाचनकट्टा@खोल्या.उदाहरण' असेल, तर त्यातल्या सदस्याचा पत्ता 'वाचनकट्टा@खोल्या.उदाहरण/मोगरा' असा होतो. इथे '/'नंतरचा भाग हे यंत्र नाही, ते सदस्याचं टोपणनाव आहे. पत्त्याचा आकार तोच आहे, अर्थ मात्र पूर्ण वेगळा.

याचे दोन परिणाम होतात. पहिला: खोलीतल्या एखाद्याशी खासगी संदेश चालू असतील तर ते याच पत्त्यावरून येतात. मूळ पत्त्याने शोधलंत तर त्या खोलीतल्या सगळ्यांशी झालेलं खासगी बोलणं एकात एक मिसळून समोर येईल. दुसरा: पूर्ण पत्त्याने शोधलंत तरी खात्री नाही. आज 'मोगरा' हे टोपणनाव घेतलेली व्यक्ती निघून गेली तर उद्या दुसरी कोणी तेच नाव घेऊ शकते. पत्ता तंतोतंत जुळला, पण माणूस जुळला नाही. ही अडचण सोडवायला नंतर एक्सईपी-०४२१ आलं. त्यात खोली प्रत्येक सदस्याला खऱ्या पत्त्याशिवाय एक कायम ओळखक्रमांक देते.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. खोलीचाही स्वतःचा संग्रह असतो. काही खोल्यांमध्ये सदस्यांचे खरे पत्ते फक्त नियंत्रकांना दिसतात, बाकीच्यांना फक्त टोपणनावं. समजा अशी एक खोली आजारपणाबद्दल मोकळेपणाने बोलण्यासाठी आहे. तिथला एक साधा सदस्य 'विथ'मध्ये 'आरती@नमुना.उदाहरण' हा खरा पत्ता घालून खोलीच्या संग्रहाला विचारतो. सर्व्हरने निरागसपणे जुळवून दिलं, तर 'मोगरा'चे पाच संदेश परत येतील. त्या संदेशांत आरतीचा पत्ता कुठेही लिहिलेला नाही. तरीही त्याला कळलं की मोगरा म्हणजे आरती.

बघा, इथे कोणतीही माहिती थेट दाखवलेली नाही. फक्त "जुळलं" की "जुळलं नाही" एवढं उत्तर मिळालं. ओळख उघडी पडायला तेवढं पुरतं. म्हणूनच एक्सईपी-०३१३ म्हणतो की ज्याला तो पत्ता तसाही कळण्याचा अधिकार आहे, त्यालाच या प्रकारे गाळणी लावता यावी. यातून शिकण्यासारखं असं: अधिकार जुळणीच्या आधी तपासायचा. जुळवून झाल्यावर निकाल लपवण्याचा विचार केलात तर उशीर झालेला असतो.

'वऱ्हाडी'चे दोन पत्ते

हा भाग आपल्या मराठीशी थेट जोडलेला आहे. एक्सएमपीपीचे पत्ते देवनागरीतही असू शकतात. मग 'वऱ्हाडी' हे खात्याचं नाव घेऊ.

यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात किमान तीन प्रकारे साठवता येतो:

- 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, युनिकोड क्रमांक ०९३१, आणि पुढे हलंत.
- साधा र, त्याला नुक्ता, मग हलंत.
- साधा र, हलंत, आणि त्यापुढे न दिसणारं 'झिरो विड्थ जॉइनर' हे जोडचिन्ह.

पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पण बाइट्स बाइट्सशी पडताळले तर तिन्ही वेगळे. म्हणून तुलनेआधी पत्ता एका ठरलेल्या रूपात आणतात. २०१५ च्या आरएफसी ७६२२ नुसार खात्याच्या नावासाठी मोठी रोमन अक्षरं लहान करतात आणि युनिकोडचं एनएफसी हे रूप वापरतात. एनएफसीमुळे पहिला आणि दुसरा प्रकार एक होतात, कारण र अधिक नुक्ता यांचं मिळून ०९३१ तयार होतं. तिसरा प्रकार मात्र वेगळाच राहतो. हलंतानंतर आलेलं ते जोडचिन्ह नव्या नियमांत वैध आहे आणि ते तसंच टिकतं. म्हणजे दिसायला एकच 'वऱ्हाडी', पण पत्ते दोन.

आता गंमत म्हणा की त्रास म्हणा, जुन्या नियमांत उत्तर वेगळं होतं. आरएफसी ३९२० आणि २०११ च्या आरएफसी ६१२२ मध्ये नोडप्रेप नावाची पद्धत होती. ती हे जोडचिन्ह सरळ गाळून टाकायची. मग तिसऱ्या प्रकारातून उरायचं र, हलंत, ह, म्हणजे डोक्यावर रफार असलेलं 'वर्हाडी'. म्हणजे एखाद्या सर्व्हरवर जुन्या पद्धतीने साठवलेले संदेश असतील आणि आज नव्या पद्धतीने प्रश्न विचारला, तर तिसऱ्या प्रकाराने टाइप करणाऱ्या माणसाला स्वतःचंच जुनं बोलणं सापडणार नाही. कोणी काही पुसलेलं नाही. फक्त "सारखं" या शब्दाची व्याख्या मधल्या काळात बदलली.

उपाय काय? प्रश्न आणि नोंद दोन्ही एकाच पद्धतीने, एकाच आवृत्तीने एकरूप करायचे. आणि पद्धत बदलली तर जुन्या नोंदींचे पत्ते पुन्हा एकदा नव्याने तयार करायचे. रिसोर्सला मात्र हे लहान-मोठ्या अक्षरांचं सपाटीकरण लावायचं नाही, तिथे रोमन मोठा 'पी' आणि छोटा 'पी' वेगळेच धरले जातात.

आणखी एक: पत्त्याचे भाग आधी तोडायचे आणि एकरूप करणं नंतर. युनिकोडमध्ये '@'सारखी दिसणारी छोटी चिन्हं आहेत, आणि काही रूपांतरांत त्यांचं खरं '@' होतं. आधी रूपांतर केलंत तर पत्ता भलत्याच ठिकाणी तुटेल.

डेटाबेसमध्ये उतरवताना

नियम कागदावर बरोबर असला तरी एसक्यूएलमध्ये घसरू शकतो. "मूळ पत्ता जुळवायचाय ना, मग सुरुवात सारखी आहे का बघू" असं म्हणून 'लाइक' वापरण्याचा मोह होतो. 'आरती@नमुना.उदाहरण%' असं लिहिलंत की 'आरती@नमुना.उदाहरण.दुसरंच' हाही जुळतो. शिवाय 'लाइक'मध्ये '_' म्हणजे कोणतंही एक अक्षर, आणि '_' हे खात्याच्या नावात सर्रास असतं. एकाच्या शोधात दुसऱ्याचे संदेश आले तर ती तांत्रिक चूक राहत नाही, तो खासगीपणाचा भंग होतो.

प्रत्यक्षातले सर्व्हर काय करतात बघा. ईजॅबरडीच्या संग्रहाच्या तक्त्यात 'पीअर' आणि 'बेअर_पीअर' असे दोन स्वतंत्र स्तंभ आहेत: एकात समोरच्याचा पूर्ण पत्ता, दुसऱ्यात मूळ पत्ता. प्रश्न आला की कोणता स्तंभ वापरायचा ते ठरवायचं आणि साधी "बरोबर"ची तुलना करायची. कठीण काम साठवतानाच उरकलं, शोधताना घाई नाही. अनुक्रमणिकाही नीट चालते. फक्त त्या स्तंभाची अक्षरतुलना कशी ठेवली आहे ते तपासा, कारण मायएसक्यूएल मुळात लहान-मोठी अक्षरं सारखी धरतं.

संदेश पानापानांनी देतात, म्हणून जुळणी पानं पाडण्याच्या आधी व्हायला हवी. आधी पन्नास संदेश उचलून मग गाळले, तर क्लायंटला रिकामं पान मिळेल आणि त्याला वाटेल की पुढे काहीच नाही.

आणि 'विथ'मधला पत्ताच चुकीच्या रचनेचा असेल तर? स्पष्ट त्रुटी परत द्या. "रकाना कळला नाही, सोडून देऊ" असं केलंत तर गाळणीच नाहीशी होते आणि सगळा संग्रह बाहेर पडतो.

मग नियम लिहायचा कसा?

तुमचा विषय चॅटचा नसेलही. रुग्णांच्या नोंदी, ग्रंथालयातले लेखक, जनगणनेतली गावांची नावं, सगळीकडे हाच प्रश्न येतो: या दोन नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत का? त्यासाठी एवढं करा.

१. एका वाक्यात हेतू लिहा. "पत्ता जुळणारे संदेश" असं न लिहिता "समोरची व्यक्ती आरती असलेले संदेश" असं लिहा. स्वतःच्या संदेशाचा पेच या वाक्यानेच सुटला होता.

२. एक तक्ता करा. आडवे: प्रश्नात मूळ पत्ता, पूर्ण पत्ता, स्वतःचा पत्ता, फक्त डोमेन. उभे: नोंदीत मूळ, पूर्ण, खोलीतला, रिकामा. प्रत्येक चौकटीत "हो" किंवा "नाही" लिहा आणि शेजारी कारण. जिथे तुमची पेन्सिल थांबते तिथे तुमचा खरा संशोधनप्रश्न आहे. उदाहरणार्थ, फक्त डोमेन दिलं तर? जुन्या एक्सईपी-०१३६ मध्ये त्याचा अर्थ "त्या डोमेनवरचं कोणतंही खातं" असा होता. एक्सईपी-०३१३ च्या नियमाचा सरळ अर्थ लावला, तर फक्त खुद्द सर्व्हरचे संदेश जुळतात. दोन्ही अर्थ समर्थनीय आहेत, म्हणूनच तो लिहून ठेवावा लागतो.

३. दोन्ही प्रकारच्या चुका वेगळ्या मोजा. यायला हवं ते आलं नाही, आणि यायला नको ते आलं. तुमच्या कामात कोणती चूक जास्त महाग आहे ते आधी ठरवा. वैयक्तिक संग्रहात हरवलेला संदेश जास्त टोचतो, निनावी खोलीत एक जादा उत्तरही घातक ठरतं. एकच नियम दोन्हीकडे चालवू नका.

४. एकरूप करण्याची पद्धत आणि तिची आवृत्ती प्रबंधात नोंदवा. "नावं स्वच्छ केली" एवढंच लिहिलंत तर दुसऱ्या कोणाला तुमचा निकाल पुन्हा काढता येणार नाही.

सरावासाठी एक छोटं काम देते. वरचा तक्ता कागदावर काढा आणि सोळाच्या सोळा चौकटी नियम न बघता भरा. मग मैत्रिणीला किंवा मित्राला स्वतंत्रपणे भरायला सांगा. दोघांची उत्तरं जिथे वेगळी येतील त्या चौकटींवर खूण करा. माझा अंदाज आहे की फक्त डोमेनच्या स्तंभात आणि खोलीच्या ओळीत खुणा जास्त असतील. तुमच्या तक्त्यात काय निघालं ते जरूर कळवा, त्यावर पुढच्या लेखात बोलू.